वाफ्याच्या कडेचे दगड

वात जरा खाली कर, काच काळी होते. लाइट एवढ्यात येत नाहीत. शहाडला ते एकदा गेले की जेवणं उरकल्याशिवाय परतत नाहीत, आणि मला अंधाराचं काही वाटत नाही. मला कशाचंच काही वाटत नाही, नौपाड्यात कुणालाही विचार. अर्धं आयुष्य तिथे खानावळ चालवली मी. पिऊन जेवायला आलेल्याला ताटावरून उठवून नळाखाली उभा केलाय. वाचायला शिकले ती मिरची-हळदीच्या पुड्यांच्या कागदांवर. त्यामुळे माझं निम्मं ज्ञान कोपऱ्यात फाटलेलं आहे, पण आहे ते माझं स्वतःचं आहे.

तू मघाशी विचारलंस, वाफ्यापाशी बसण्याआधी मी कडेच्या दगडांना हात का लावून बघते. सांगते. मध्ये मात्र बोलू नकोस.

सुरुवात अगदी साधी. सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर मी कल्याणला एक दाताळं आणायला गेले. दाताळं म्हणजे ते लांब दांड्याचं, लोखंडी दातांचं, मातीतले दगड ओढायचं. नौपाड्याची खोली सोडून मी हे घर घेतलं ते घरासाठी नाही, मागच्या या तुकड्यासाठी. जन्मभर गॅलरीत डालड्याच्या डब्यांत सदाफुली लावली. पत्रा गंजायचा, पाणी गळायचं, खालच्या मजल्यावरची बाई भांडायला यायची. म्हटलं, मरायच्या आधी एकदा तरी फूल जमिनीत लावायचं.

घर उत्तमचं. उत्तम इथला जुना आगरी माणूस. त्याने पलीकडच्या आळीत स्लॅबचं घर बांधलं आणि आईचं हे कौलारू घर मला दिलं. आई, आवडाबाई, आदल्या वर्षी गेली होती. ती धवलारीण होती. त्यांच्यात लग्नाला भटजीइतकीच धवलारीण लागते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात गात एकेक विधी सांगते आणि मांडवातल्या बायका मागून ओळ झेलतात. या पट्ट्यातल्या निम्म्या संसारांची सुरुवात आवडाबाईच्या गळ्यातून झालेली होती.

आणि तिच्या सख्ख्या नातीचं लग्न अडलं होतं. रतनचं. मुलगा खडवलीचा, चांगदेव, रेल्वेत लागलेला. दोघांचं जमलेलं, मुलाकडचे राजी, आणि उत्तम दर खेपेला नाही म्हणायचा. आधी म्हणाला आईचं वर्षश्राद्ध होऊ दे. ते झालं तर म्हणाला घराचं प्लास्टर होऊ दे. प्लास्टर झालं तर गप्पच बसला. मुलाकडचे आता दुसरीकडे बघायला लागले होते. रतन एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन रडली. मी रडू दिलं. रडणाऱ्याला थांबवू नये, पोटात राहतं. मग म्हटलं, आता डोळे पूस आणि कुदळ घे. तुझ्या मुंडावळ्यांची फुलं या जागेत येतील, माघात, आणि तुझ्या बापाला मी बघते.

बाप संध्याकाळी कुंपणापाशी आला. आत येईना. त्या जागेत बाग नको म्हणाला, नुसते दगड आहेत. मी म्हटलं दगड निघतात. त्यावर तो खाली बघत म्हणाला, "ते काढू नको गो मावशे." आणि गेला. आता मला कुणी एखादं काम करू नको म्हटलं की मी ते करतेच, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

दगड काढणं म्हणजे तांदूळ निवडणं. घाई करणाऱ्याचं ते काम नव्हे. रतन कुदळीने ढेकळं फोडायची, मग दाताळं फिरवायची, आणि मी पाटावर बसून हाताने निवडायची. मोठा डोळ्याला सापडतो, लहान बोटांनाच सापडतो. निघाले किती विचारू नकोस. काढावे आणि खालून आणखी यावेत. पण एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी खटकली. जमिनीतला दगड कसा, धारेचा असतो, बोट कापतो. हे तसे नव्हते. सगळे नदीचे गोटे. गुळगुळीत आणि मुठीत मावतील एवढेच. घरामागची पायवाट सरळ उल्हास नदीवर जाते, मसणवट्यावर. वाटलं, कधीतरी पुराने आणले असतील. पूर काय मुठीच्या मापाने दगड आणतो का, हे तेव्हा सुचलं नाही. मला चांगले घाटदार दगड फुकट मिळत होते. मी टाकून काही देत नाही. एकेक पुसला आणि वाफ्यांच्या कडेला ओळीने रचत गेले.

त्यातला एक काळा होता, चपटा, त्याच्या एका अंगाला पांढरा पट्टा. तो मी कडेला लावला. दुसऱ्या दिवशी तो वाफ्याच्या मधोमध. नुसता पडलेला नव्हे. माती जराशी खोलगट केलेली आणि त्यात तो बसलेला, कोंबडी खुडूक बसते तसा.

रतन म्हणाली कुत्रं असेल. मी परत कडेला ठेवला. परत मध्ये. तिसऱ्यांदा मी त्याला चांगला झापला. म्हटलं, इथे झेंडू लागणार आहे, तुला बसायला कडेला जागा दिलीय, तिथे बस. दगडाला झापणारी बाई बघून रतन कुदळीवर रेलून पोट धरून हसत होती. रडणारी पोर हसली म्हणून मला दगडाचा राग धरवेना. उचलायला हात घातला आणि हात तसाच राहिला.

भर दुपार होती, पण ती जागा कौलांच्या सावलीतली. बाकीचे दगड गार. हा मात्र तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखा कोमट… आणि त्या खोलगटाच्या भोवती बारीक हिरवे कोंब आलेले. मी खुडून चुरगळून वास घेतला. तिळाचे. आम्ही दोघींपैकी कुणी तीळ पेरला नव्हता.

त्या दिवशी मी त्याला तिथेच राहू दिलं. झेंडूची रोपं त्याच्या भोवतीने लावली, पलीकडे शेवंती, कुंपणाला अबोली. आणि काय सांगू तुला, रोपं अशी उठली की मुरबाडकडून रोपं देणारा माणूस बघायला आला आणि मला विचारायला लागला, खत कुठलं. मी सकाळी उठून आधी चहा नाही, आधी वाफ्यावर. साठी ओलांडलेली बाई मी, आणि कळी धरली की नाही बघायला अनवाणी पळायची. असं सुख मला नवऱ्यानेही दिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू.

दुपारी बारा-साडेबाराला मिलचा भोंगा होऊन गेला की आळीत सगळं थांबतं. माणसं जेवायला बसलेली, कावळेसुद्धा गप्प. त्या वेळेला मला गुणगुणणं ऐकू यायला लागलं. जमिनीलगत. म्हातारा गळा, पण सुरात.

वाटंवर पानी शिपा गो, लेक निंगाली घरा…

एवढीच ओळ. मग थांबायचं. ते थांबणं असं की आपलाच श्वास अडकावा. मग परत तीच ओळ. मला वाटायचं रतन गाते. काम करताना पोरी गातात, त्यात काय. बरं वाटायचं.

एक दिवस रतन पाण्याचा तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मावशी, तू आमचा धवला कुठे शिकलीस?"

"मी कशाला शिकू? तूच गातेस ना रोज."

"मी आत्ता पाणी पीत होते."

मी हातातलं रोप खाली ठेवलं. आणि मधल्या वाफ्यातून, झेंडूच्या रोपांच्या बुडातून, परत ती ओळ आली. शेवटचा शब्द लांबवला… आणि थांबली.

रतनने माझा दंड धरला. तिची बोटं गार पडली होती. हळूच म्हणाली, "आजीचा आहे. नवरी मांडवातून निघते तेव्हाचा… या ओळीपाशी आजी थांबायची. बायकांनी म्हणायचं असतं, शिपलं गो बाय, शिपलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ती पुढे जायचीच नाही. तीच ओळ परत…"

माझ्या अंगावर काटा आला, आला म्हणजे आला. मी कुणाला घाबरत नाही हे खरं, पण काटा काही मला विचारून येत नाही. मी उठले, त्या खोलगटातून दगड उचलला, पदराला पुसला आणि रतनला म्हटलं, बापाला बोलावून आण. जेवत असेल तर हात धुवायला लाव.

उत्तम आला. माझ्या हातातला दगड बघितला आणि उभ्या जागी मातीतच बसला. दणकट गडी, पण लहान मुलासारखं तोंड झालं. मग जे सांगितलं ते असं. मसणवट्यात मडक्याला भोकं पाडतात तो दगड म्हणजे जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो म्हणतात. त्याला तीळ-पाणी द्यायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा. घरात तो आणत नाहीत. त्यांच्या आळीत पिढ्यान्‌पिढ्या या वाटेवरच्या या तुकड्यात मातीत ठेवतात. त्यानेही ठेवला, आणि खूण म्हणून आईच्या पानाच्या डबीतलं चुन्याचं बोट त्यावर ओढलं. दहाव्या दिवशी न्यायला आला तर चुन्याचा एकही दगड दिसेना. माती उकरली, सगळे गोटे सारखेच. घाटावर सगळा गोतावळा खोळंबलेला, गुरुजी घाई करत होते. त्याने त्यातल्या त्यात काळा बघून एक उचलला आणि तोच आई म्हणून नदीत सोडला. कावळा काही पिंडाला शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. हे त्याने आजवर कुणाजवळ काढलं नव्हतं, बायकोजवळही नाही.

"आय गेलीच नाय गो," तो म्हणाला. "हितंच हाय. ती हितं आडकलेली ठेवून मी पोरीच्या लग्नाचा मांडव कसा घालू?"

म्हणजे पोरीचं लग्न अडलं होतं ते मुठीएवढ्या दगडाशी. मला हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली, मग परत हसू आलं. म्हटलं, अरे, तुझी आई हरवलेली नाही, माझ्या वाफ्यात बसून झेंडू पोसतेय. ऊठ. उद्या नदीवर जायचं.

एक सांगते. त्या संध्याकाळी दगड हातात घेऊन मी बराच वेळ वाफ्यापाशी बसले. कळ्या आलेल्या होत्या. आवडाबाई गेली की बाग अशीच राहील का, हे मनात आलं. पण पोरीच्या मुंडावळ्या बांधल्या जाणार नसतील तर ती फुलं घेऊन मी काय करणार होते? दगड तुळशीपाशी ठेवला, शेजारी पानाचा विडा ठेवला, आणि अंथरुणावर पडले.

सकाळी घाटावर गुरुजींनी कुरकुर केली. बायकांनी इथे यायचं नसतं म्हणाले. मी म्हटलं, गेलेली बाईच आहे ना? असा विधी शास्त्रात नाही म्हणाले. मी म्हटलं, दगड रोज कडेवरून उठून वाफ्यात जातो हे तरी शास्त्रात कुठे आहे, तुम्ही पिंड मांडा.

पिंड मांडले. समोरच्या उंबरावर कावळे भरपूर. एक खाली येईना. उत्तमने हात जोडले आणि कबुल्या द्यायला लागला. रतनचं लग्न माघात लावतो. बहिणीला लुगडं घेतो. कावळे ढिम्म. मांडवात कॅसेट वाजवणार नाही, असंही म्हणाला. तेव्हा एका कावळ्याने आमच्याकडे पाठ केली. ऊन चढायला लागलं. नदी संथ, पाण्याला शेवाळाचा वास, आणि कुठेच आवाज नाही…

आणि मग त्या पाण्यावरून, अगदी आमच्या पायांपाशी, ओळ आली. वाटंवर पानी शिपा गो, लेक निंगाली घरा. या वेळी उत्तमनेही ऐकली. रतनने तोंड उघडलं, पण तिला रडूच फुटलं. ती म्हातारी थांबलेली. वाट बघत होती. दीड वर्ष ती ओळीच्या टोकाशी उभी होती, आणि मागून झेलणारं कुणी नव्हतं.

मला कुणी गाणं शिकवलं नाही. माझा गळा ‘दोन वरण-भात’ ओरडायचा गळा. ना मी आगरी, ना तिच्या नात्यातली. पण बाई ताटकळलेली मला बघवत नाही. मी म्हटलं,

"शिपलं गो बाय, शिपलं."

रतनने रडतच माझ्या मागोमाग तेच म्हटलं. आणि उंबरावरून सगळ्यात म्हातारा, मान उघडी पडलेला कावळा खाली उतरला, ऐटीत चार उड्या मारत आला आणि पिंडाला शिवला. मग बाकीचे. अशी झुंबड की गुरुजी मागे सरले. उत्तम कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि त्याने दगड सोडला. बुडाल्याचा आवाज आला नाही. मी मात्र तो हातातून जाताना बघितला. वाळलेला, कोरडा चुन्याचा पट्टा पाण्यात शिरता शिरता लाल झाला, पान रंगावं तसा.

माघात लग्न झालं. याच अंगणात, उत्तमने हट्टाने इथेच मांडव घातला. बाग कमी झाली नाही, उलट झेंडू इतका आला की तोरणं करून उरला, चांगदेवच्या मित्रांनी रेल्वेच्या पिशव्या भरून खडवलीला नेला. रतनच्या मुंडावळ्या माझ्या शेवंतीच्या. धवला म्हणायला बायजा आली होती, आवडाबाईच्या हाताखाली तयार झालेली. मी बायकांच्या रांगेत बसून ओळी झेलल्या, निम्म्या चुकल्या, आणि बायजा प्रत्येक वेळी भुवई उडवायची. उत्तम हळदीत असा नाचला की त्याचा नवा सदरा फाटला. रतन निघाली तेव्हा बायजाने ती ओळ घेतली आणि अख्खा मांडव एका गळ्याने म्हणाला. मी वाफ्याकडे बघितलं. तिथे काही हललं नाही. म्हातारी सुटली होती, सुखाने गेली होती. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस.

इथे संपायला हवं ना? मलाही तसंच वाटलं.

लग्नाचा मांडव उतरला आणि अंगण रिकामं झालं. चार दिवस गेले. मी दुपारी वाफ्यांना पाणी घालत होते. भोंगा होऊन गेलेला. त्या खोलगटात तिळाला पांढुरकी फुलं आलेली. सगळं शांत, आणि मला ती शांतता आवडेना. सवय झाली होती बाईची. म्हटलं, आपणच म्हणू. वाफ्याच्या कडेला टेकले, एक हात दगडांवर ठेवला आणि म्हटलं, वाटंवर पानी शिपा गो, लेक निंगाली घरा. आणि तिच्यासारखीच थांबले.

शिपलं गो बाय, शिपलं…

मागून नाही, समोरून नाही. माझ्या भोवतीने आलं ते. जमिनीलगत, वाफ्यांच्या कडेकडेने. आणि तो आवाज एकाचा नव्हता. बायका होत्या, जाड गळ्याचे पुरुष होते, आणि सगळ्यांचं म्हणून संपल्यावर एक अगदी लहान पोर, एकटंच मागे राहिलेलं, घाईघाईने म्हणालं, "शिपलं."

मी पाय आवरून घेतले. हाताखालचा दगड कोमट लागत होता. त्याच्या शेजारचाही.

उत्तम एकटाच चुकला असं त्याला वाटत होतं. इतक्या पिढ्या, सगळे गोटे सारखे, घाटावर प्रत्येकाचीच घाई… कुणी नदीवरचाच गोटा उचलून सोडला असेल, आणि खरे इथेच राहिले. मी ते एकेक निवडून, पुसून, ओळीने रचले होते.

उपटून टाकले नाहीत मी. टाकणार कुठे, आणि कुणाच्या नावाने? आता रोज फुलांना पाणी घातलं की एक तांब्या त्यांना. आधी हात लावून बघते, जो ऊन लागेल त्याला पहिलं पाणी. आजवर बाग कधी सुकली नाही. तुझ्या सुनेच्या गजऱ्यालाही फुलं इथलीच गेली. मी काही त्यांच्यावर नाराज नाही.

फक्त ते लहान पोर. उत्तमला विचारलं तर म्हणाला, लहान लेकरांना पुरतात, त्यांचा जीवखडा कुणी ठेवत नाही. मग तो आवाज कुणाचा? कोपऱ्यात एक चिंचोक्याहून जरासा मोठा गोटा आहे, तो मी रचलेला मला आठवत नाही. काल सकाळी तो ऊन लागला. म्हटलं, लेकराला पाणी काय द्यायचं, म्हणून एक पेढा पुडीच्या कागदासकट त्याच्यासमोर ठेवला. दुपारी पेढा नव्हता. मुंग्यांनी नेला म्हणशील. मीही तेच म्हटलं.

पण तो कागद तिथेच होता. त्याची होडी केलेली होती. आणि तिचं तोंड नदीकडे होतं.